जस्तावरची कलाबाई

यादवनानांना उलटं वाचता येतं ही गोष्ट अमळनेरात त्यांच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, आणि चुकून कुणाला ठाऊक नसलीच तर सांगायला नाना स्वतः समर्थ होते. तेहतीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर उलटं, ओळ उलटी, आख्खं पान आरशात पाहावं तसं समोर पडलेलं. ते कागदावर जाऊन सुलटं होण्याआधी त्यातली चूक पकडायची. बाकीचे जुळारी आधी एक कच्ची छाप काढत आणि ती वाचत. नानांना छाप लागत नसे. "माले कागद कसाले? शिसंच मनासंगे बोलस," असं ते म्हणत, आणि छापखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली तरी म्हणतच होते.

अशा या तिखट नजरेचा माणूस मे महिन्यातल्या एका सकाळी पलंगाखाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. पलंगाखालची लाकडी पेटी जागेवर नव्हती.

"संघमित्रा! मनी पेटी कोठे शे?"

संघमित्रा नानांची एकुलती एक लेक. जळगावला शाळेत शिकवते, पन्नाशीची झाली. मेच्या सुटीत दरवर्षी येते आणि बापाचं दोन खोल्यांचं घर झाडून, चुना लावून पुन्हा माणसात आणून जाते. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"कुठली, ती ब्लॉकची? ती परवा जितेंद्र घेऊन गेला. तुम्ही काल रात्रीपर्यंत भडगावला लग्नाला होतात ना, तेव्हा."

"घेई गया? कोठे घेई गया?"

"धुळ्याला, मूर्तीसाठी."

नाना पलंगावर बसले. चहाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मूर्तीचा विषय त्यांना नवा नव्हता. उलट गल्लीत तो लावून धरणाऱ्यांत तेच पुढे होते. विहारातली बुद्धाची मूर्ती प्लॅस्टरची, नाकाचा शेंडा उडालेली. यंदा पितळी मूर्ती ओतून घ्यायची, आणि तीही विकतच्या पितळाची नाही, घराघरातल्या पितळाची, असं ठरलं. मग जो तो माळ्यावर चढला. कुणी आजीचा तांब्या काढला, कुणी बुडाला चीर गेलेला हंडा, कुणी लग्नात आलेलं ताट, ज्याच्या काठावर मामाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. स्टीलनं पितळाला माळ्यावर हाकललं त्याला चाळीस वर्षं झाली होती. एकेका भांड्याबरोबर एकेक गोष्टही खाली उतरली, आणि आठवडाभर गल्लीत बायका ओट्यावर बसून त्याच गोष्टी एकमेकींना सांगत होत्या.

विहाराचं काम बघणारा जितेंद्र हे सगळं पोत्यात भरून धुळ्याला अभिमन ओतारी यांच्याकडे पोचवून आला, तर अभिमनभाऊंनी निरोप धाडला : नुसत्या जुन्या पितळानं भागणार नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जुनं पितळ पुन्हा वितळवलं की त्यातलं जस्त जळून उडतं, ओतीव लालसर आणि चिवट येतं. वरून ताजं जस्त घालावं लागेल, मिळालं तर बघा. संघमित्रा विज्ञान शिकवणारी. छापखान्यातले चित्रांचे ब्लॉक जस्ताचे असतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पलंगाखाली पेटीभर जस्त धूळ खात पडलंय, ते बुद्धाच्या कामी येतंय, तर बाबा आनंदानंच देतील, असं वाटून तिनं हातासरशी पेटी देऊन टाकली.

"तुले कोनी सांगं व्हतं मनी पेटीले हात लावाले?" नाना ओरडले.

"अहो, आईचा ब्लॉक कुठं दिला मी? तो कोनाड्यात असतो. तो कोनाड्यातच..."

ती बोलता बोलता थांबली. कोनाड्याला तिनंच दोन दिवसांपूर्वी चुना लावला होता, आणि तेव्हा तो रिकामा होता.

"चुना जस्तले खास," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "म्हनीसन मीच तो पेटीमा ठेवा व्हता."

म्हणजे चूक त्यांची होती. चूक स्वतःची असली की माणसाचा आवाज आधी चढतो आणि मग बसतो, तसा तो बसला.

कलाबाई नानांची बायको. गाणारी. जयंतीला, लग्नात, विहाराच्या उद्घाटनाला तिला बोलावणं असायचं. पार भडगावपासून फैजपूरपर्यंत लोक तिचं गाणं ऐकायला बसून राहायचे. एका जयंतीला मंडळानं ठरवलं की यंदा हँडबिलावर कलाबाईचा फोटो पाहिजे. म्हणून ती जळगावच्या स्टुडिओत गेली, डोक्यावरून पदर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसली, आणि आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो काढून आली. फोटो ब्लॉक करणाऱ्याकडे गेला. ब्लॉक आला, फोटो परत आलाच नाही. हँडबिलं पिवळ्या कागदावर निघाली, वाटली गेली. नानांनी गठ्ठाभर जपून ठेवली ती वाळवीनं खाल्ली. पुढच्या वर्षी काविळीनं कलाबाई गेली. संघमित्रा तेव्हा सात वर्षांची होती. कलाबाईचा चेहरा या जगात उरला तो तीन इंच बाय दोन इंच जस्तावर, बारीक बारीक ठिपक्यांचा. ब्लॉक उजेडात तिरपा धरला की ती दिसायची, सपाट धरला की जायची.

आता कुणी विचारेल, छापखान्यात काम करणाऱ्या माणसाला बायकोची एक छाप काढून घेता येऊ नये? शाई हाताशी, कागद हाताशी, मशीन हाताशी. नानांनी काढली नाही. छाप काढायची तर ब्लॉकवर काळी शाई फिरवायची. म्हणजे कलाबाईच्या तोंडाला काळं फासायचं. जिवंतपणी ती काय नावाची बाई होती, आणि मेल्यावर आपल्या हातानं तिच्या तोंडाला काळं? ते त्यांच्यानं झालं नाही. शिवाय त्यांना उलटं वाचता येत होतंच. रोज सकाळी ब्लॉक हातात घ्यायचा, खिडकीकडे तिरपा धरायचा, बघायचा, फलानेलमध्ये गुंडाळून परत ठेवायचा. चव्वेचाळीस वर्षं.

आणि आज तो धुळ्याला भट्टीच्या तोंडाशी पडला होता.

जितेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, मूर्ती आज सकाळीच ओतणार आहेत, आणि अभिमनभाऊ भट्टी पेटली की फोन बाजूला ठेवतात. नानांनी सदरा बदलला नाही, चप्पल तेवढी घातली. संघमित्रा पर्स घेऊन मागून पळाली. धुळ्याची एसटी लागलेलीच होती.

तास-सव्वा तासाचा रस्ता. खिडकीतून येणारा वाराही भाजत होता. नांगरून ठेवलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी मागं जात होती आणि नाना एकटक समोर पाहत होते.

"बाबा," थोड्या वेळानं संघमित्रा म्हणाली, "त्या पेटीत शेकडो ब्लॉक असतील. आईचा लवकर ओळखू येईल ना?"

"लाकडावर नाव लिखेल शे मी. आन् नाव नही दिसनं तरी काय? डाव्या गालवर तीळ शे. चांगला मसुरीएवढा."

संघमित्रा न राहवून म्हणाली, "उजव्या."

"डाव्या."

"मला उजव्या आठवतो. ती मला मांडीवर घ्यायची तेव्हा मी त्याला बोट लावायचे."

"तू तवय सात वरीसनी व्हती," नाना म्हणाले. "माले रोज दिसस."

हे बोलणं त्या दोघांत पहिल्यांदा झालं नव्हतं. संघमित्रा दहा वर्षांची असताना झालं होतं, लग्नाच्या वेळी झालं होतं, तिच्या मुलीच्या बारशाला झालं होतं. दर वेळी नाना हेच म्हणत, आणि दर वेळी ती मान खाली घाली. रोज पाहणाऱ्याशी काय वाद घालणार? पुढं पुढं तर आई आठवली की ती मनातल्या मनात तिळाची जागा दुरुस्त करून घेई, शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावी तशी. आजही ती खिडकीकडे वळून बसली.

अभिमन ओतारी यांची भट्टी धुळ्यात पांझरा नदीच्या अंगाला, पत्र्याच्या शेडखाली होती. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या बैलांची घुंगरं, देवळाच्या घंटा, समया ओतल्या. आता घुंगरं मागणारे उरले नाहीत तरी भट्टी अजून थंड पडलेली नव्हती. नाना पोचले तेव्हा कोळसा लालबुंद झाला होता, मुशीत गल्लीचे तांबे-हंडे वितळून एक झाले होते, आणि शेजारी मातीचा साचा जमिनीत गळ्यापर्यंत पुरून ठेवला होता. अभिमनभाऊ साठीचे, उघडे, खांद्यावर ओला टॉवेल.

"ब्लॉक!" नानांनी दारातूनच विचारलं. "जस्तना ब्लॉक! टाकी दिधात?"

"नही हो नाना. या, बसा, पानी ल्या." अभिमनभाऊंनी कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवलं. "जस्त बठ्ठासनी शेवट जास. आधी टाकं तर धूर व्हईसन पळी जास."

नाना गोणीशेजारी जमिनीवर बसले. आपल्या धंद्यात आधी जुळवणी मग छपाई, तसं यांच्या धंद्यात आधी तांबं मग जस्त, आणि एवढ्या एका शिस्तीनं कलाबाई वाचली, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

पण गोणी उपडी केली तर आत नुसते पत्रे. ब्लॉक म्हणजे लाकडी ठोकळ्यावर खिळलेला जस्ताचा पत्रा असतो; नाव लिहिलेलं होतं ते ठोकळ्यावर.

"लाकडं?" नानांनी विचारलं.

"ती भट्टीमा घाली दिधी सकायले," अभिमनभाऊ ओशाळून म्हणाले. "सुकं सागवान व्हतं, नाना. माले काय माहित."

मग बाप-लेक मांडी घालून बसले आणि एकेक पत्रा उचलून उजेडात तिरपा धरू लागले. सगळे करडे पडलेले, एकासारखे एक. नानांचे हात मात्र हळूहळू सैल झाले. हा नवरदेव, लग्नाच्या दिवशी याची पत्रिका चुकीच्या तारखेची निघाली आणि मालकानं रातोरात दुसऱ्या छापल्या. हा उमेदवार तीनदा उभा राहिला आणि तीनदा पडला. ब्लॉक तोच, चिन्हं तेवढी बदलली. हा सरकीच्या पेंडीच्या जाहिरातीतला बैल. हा वनस्पती तुपाचा डबा. हे पुण्यस्मरणातले म्हातारे, सगळ्यांना एकच टोपी शोभणारे. ऑफसेट आलं, छापखाना बंद झाला, मालक म्हणाले यादव तुला पाहिजे ते ने. दुसऱ्यांनी रॅक नेले, भिंतीवरचं घड्याळ नेलं, नानांनी ही पेटी नेली. शाईचा आणि रॉकेलचा वास, ट्रेडल मशीनचा ठोका, दुपारी खिळ्यांच्या खणांवर ठेवून खाल्लेली भाकरी... काय दिवस होते ते! नाना मधूनच हसत होते, आणि आपण कशाला आलोय ते आठवून पुन्हा घाई करत होते.

अभिमनभाऊंना भट्टीवर नजर ठेवून बोलायची सवय. ते सांगत होते की पूर्वी कित्येक शतकं जस्त नावाचा धातू कुणी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. त्याचा दगड मिळायचा. तो कुटून कोळशाबरोबर तांब्यात शिजवला की तांबं पिवळं व्हायचं, आणि लोक म्हणायचे सोनं झालं. दगडातून निराळं काढायला जावं तर जस्त वितळण्यावर थांबत नाही, वाफ होऊन उडतं. मग तिकडे उदयपूरजवळ जावरला कुणा शहाण्यांनी वांग्याच्या आकाराची मातीची भांडी केली आणि भट्टीत उलटी लावली, तोंड खाली. वाफेला वर जायला वाटच नाही. ती खाली उतरली आणि थंड होऊन जस्त झाली. "भांडं उलटं कयं, तवय हातमा उनं," अभिमनभाऊ म्हणाले.

"सापडनी!" नाना ओरडले.

ते बसल्या जागी ताठ झाले होते. हातातला पत्रा त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला, तिरपा धरला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की अभिमनभाऊंनाही भट्टी सोडून बघावंसं वाटलं. डोक्यावर पदर, रुंद कपाळ, ओठ किंचित उघडे, आता गाईल की मग. आणि डाव्या गालावर मसुरीएवढा तीळ.

"हाई देख. हाई तुनी माय."

संघमित्रानं पत्रा हातात घेतला. खूप वेळ पाहिला. "बाबा, मला ओळखू येत नाही," ती हळूच म्हणाली. "मला ही वेगळीच बाई वाटते."

"कशी वळखशी? सात वरीसनी व्हती तू. तीळ देख तीळ. डाव्या गालवर शे का नही? काय सांगं व्हतं मी एसटीमा?"

संघमित्रानं मान हलवली. तीळ डाव्या गालावर होता, त्यात शंकाच नव्हती. ती पत्रा परत देणार तेवढ्यात अभिमनभाऊ सहज म्हणाले,

"पन नाना, ब्लॉक उलटा राहस ना?"

ज्या माणसानं साऱ्या अमळनेराला सांगितलं की ब्लॉक उलटा असतो, त्याला धुळ्यात एका ओताऱ्यानं तेच सांगावं! नानांना राग आला.

"माले शिकाडू नका, अभिमनभाऊ. तेहतीस वरीस उलटंच वाचं मी. मनी नजर आपोआप सुलटं करी लेस."

"हां, तेबी खरं," अभिमनभाऊ म्हणाले. "मंग छापच काढी ल्या ना. सोक्षमोक्ष व्हई जाई."

त्यांच्याकडे साच्याला आतून देण्यासाठी काजळी होती, अळशीचं तेल होतं. दोन्ही कालवून त्यांनी एका वाटीत दाट काळं करून दिलं. नानांनी वाटी घेतली आणि हात तिथंच थांबला. चव्वेचाळीस वर्षं जे केलं नाही ते आज परक्याच्या दारात करायचं? त्यांनी मान फिरवली.

"द्या इकडं," संघमित्रा म्हणाली. "माझी आई आहे ती. मी लावते."

तिनं बोटाच्या टोकानं, लहान मुलाला तीट लावावी तितक्या हलक्या हातानं, पत्र्यावर काळं पसरलं. पर्समधल्या वहीचा कोरा कागद वर ठेवला. मुशीत जायचा राहिलेला एक तांब्या होता, त्याच्या बुडानं कागद सगळीकडून दाबला, आणि एका कोपऱ्याला धरून सोलून काढला.

"आई," ती म्हणाली.

बाकी काही नाही. पन्नास वर्षांची ती बाई कागद दोन्ही हातांत धरून तिथंच राखेत बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. तिला ओळखायला क्षणही लागला नव्हता.

नाना मात्र कागदाकडे पाहत राहिले आणि त्यांना ओळख पटेना. कपाळ तेच, ओठ तेच, तरी कुणी दुसरीच बाई. तीळ उजव्या गालावर. भांग दुसरीकडे. मान दुसऱ्या बाजूला कललेली. त्यांनी म्हणून पाहिलं, ही नाही. ही तिची बहीण असेल, ही कुणी भलतीच असेल. पण अभिमनभाऊ खाली वाकून म्हणाले, "चमकी देखा, नाना." नाकातली चमकी कागदावर डाव्या नाकपुडीत होती, जिथं ती सगळ्या बायकांची असते. पत्र्यावर उजव्या नाकपुडीत होती. रोज सकाळी त्यांनी ती उजवीकडे पाहिली होती आणि त्यांना एकदाही काही वावगं वाटलं नव्हतं.

अक्षरं उलटी वाचता येतात, कारण सुलटं अक्षर कसं असतं ते माणसाला शाळेत शिकवलेलं असतं. कलाबाई सुलटी कशी होती हे कोण शिकवणार? ते फक्त आठवावं लागतं. आणि आठवायच्या ऐवजी नाना रोज पत्रा बघत राहिले. बघता बघता खरी कलाबाई एका बाजूनं निघून गेली आणि जस्तावरची तिच्या जागी येऊन बसली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून निराळा काय असतो!

पण त्याचंही त्यांना तितकं लागलं नाही. त्यांना लागलं ते दुसरंच. सात वर्षांच्या पोरीजवळ आई खरी होती. मांडीवर बसून बोट लावलेला तीळ तिच्याजवळ होता. आणि आपण तो तिच्याकडून काढून घेतला, एकदा नाही, वर्षानुवर्षं, प्रत्येक वेळी दटावून.

"नाना, ल्या, ठेवा जपीसन," अभिमनभाऊ पत्रा पुसून पुढं करत म्हणाले. "एवढ्याशा जस्तनं काय अडी नही राहिनं."

नानांनी पत्रा घेतला. सवयीनं तो उजेडात तिरपा धरला, आणि ती लगेच हजर झाली, ओळखीची, डाव्या गालावर तीळ असलेली. त्यांनी घाईनं तो सपाट केला.

"टाका मुशीमा," ते म्हणाले.

"बाबा, नको!" संघमित्रा उठली. "राहू द्या ना. एवढं एकच तर आहे."

"तुनापाशी कागद शे. तो ठेव. हाई राहिना तर मी फिरी यालेच देखसू. जित्यानी खोड शे." आणि मग थोडं थांबून, "बठ्ठी गल्लीनी भांडी दिधी. आपलं घर काय मांगे राहास?"

अभिमनभाऊंनी पुढं वाद घातला नाही. त्यांनी पत्र्यांच्या पुड्या बांधल्या, कलाबाईची पुडी नानांच्या हातात दिली, आणि नानांनी ती चिमट्यात ठेवली. चिमटा मुशीत खोल गेला. फस्सकन हिरवट पांढरी ज्योत वर आली आणि दाट पांढरा धूर उसळला. त्या धुराचे कापसासारखे पुंजके होतात. ते शेडभर तरंगले आणि भट्टीवर, हंड्यांच्या तुकड्यांवर, नानांच्या डोक्यावर बसले. "मांगे सरका नाना, रातले ताप येई," अभिमनभाऊ म्हणाले. नाना सरकले नाहीत. मग पितळ साच्यात गेलं, एका धारेनं, न अडता, आणि अभिमनभाऊंनी सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. जस्ताचा धूर पोटात गेला की त्यांच्या घरी पूर्वीपासून हेच औषध.

साचा गार व्हायला दुसरा दिवस लागणार होता. दोघं बाहेर येऊन कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसली. संघमित्रानं कागद वहीत ठेवून वही मांडीवर धरली होती. नाना गूळ चघळत होते आणि काही बोलायचं जुळवत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवलेल्या माणसाला स्वतःचं एक जुळत नव्हतं.

"उजव्या गालवर," ते शेवटी म्हणाले. "तू खरी व्हती. माले माफ कर, बेटा."

"जाऊ द्या हो बाबा."

"नही. मी तुले आनखी काय काय खोटं सांगं? मायबद्दल?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. पण नाना तिच्याकडे पाहत राहिले, आणि ते पाहणं नेहमीचं नव्हतं. चूक शोधणारं नव्हतं. तेव्हा ती जपून म्हणाली, "तुम्ही नेहमी सांगता, आई कधी आवाज चढवून बोलली नाही."

"मंग?"

"ती तुमच्याशी भांडायची, बाबा. कडकडून. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं."

नाना चकित होऊन पाहत राहिले. "कसावरथीन?"

"तुम्ही छापखान्यातून आल्या आल्या हात न धुता मला उचलायचात. माझ्या सगळ्या झग्यांवर तुमच्या बोटांचे काळे ठसे असायचे. ती म्हणायची, पोरगी आहे का वर्तमानपत्र?"

नानांच्या तोंडून एकदम हसू फुटलं. ते वाक्य त्यांना आठवत नव्हतं, पण ते म्हणणारा आवाज कुठून तरी आत आला, चढा, खणखणीत, गाणाऱ्या बाईचा. हसता हसता त्यांनी डोळ्यांना सदऱ्याची बाही लावली आणि ती बराच वेळ काढली नाही.

"एसटी साडेबाराला आहे," संघमित्रा म्हणाली. "निघायचं का?"

"बस थोडी," नाना म्हणाले. "आनखी सांग."